कुंपणाकडच्या आठ ओळी

गोपिका लांजेवार हिच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी तिचा हेवा केला, आणि एकदोन दिवस नाही, वर्षानुवर्षं केला. ती रोजंदारीवर निंदण करणारी बाई होती. मी एम.एस्सी. ॲग्री., पहिल्या वर्गात पहिली, विभागातली एकुलती एक मुलगी. हेवा करायचाच तर तिनं माझा करायला हवा होता, असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं.

१९७० सालच्या जूनमध्ये मी कृषी कॉलेजच्या ज्वारी विभागात रुजू झाले. आमचं फार्म अमरावती रोडवर, वाडी गावाच्या थोडं अलीकडे होतं. शहरातल्या महाल भागातल्या आमच्या घरून दोन बसेस बदलून मी तिथे पोचले, तेव्हा विभागप्रमुख डॉ. कृष्णकांत हरकरे खुर्चीतून न उठताच म्हणाले, "मिस सबनीस, आधी प्लॉट पाहून या. गोपिकाबाईंना बरोबर घ्या."

मला वाटलं, गोपिकाबाई म्हणजे कुणी सीनियर असिस्टंट असतील. बाहेर चौकशी केली तर शिपायानं बांधाकडे बोट दाखवलं. तिथे एक पस्तिशीची, काटक बाई लुगड्याचा काचा मारून बी पेरण्याच्या रेघा आखत होती. माझं नाव ऐकून तिनं हात झटकले आणि म्हणाली, "चाला बाई. उन्हाच्या आधी पाहून घेऊ."

दोन तास ती मला हिंडवत होती. कोणत्या तुकड्यात मागच्या वर्षी काय होतं, पाणी कुठे साचतं, कोणती जात कुठून आली, सगळं तोंडपाठ. ती मूळची खाप्याची, कन्हानच्या काठची. वडिलांचं शेत होतं. नवरा रुपराव फार्मच्या कुंपणापलीकडच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदार, आणि तिथेच मागे भाड्याच्या एका खोलीत दोघं राहत. मूलबाळ नव्हतं. अकरा वर्षं ती या फार्मवर येत होती.

तिचं खरं काम मला ऑगस्टमध्ये कळलं. ज्वारी कमरेच्या वर गेली होती. हरकरे साहेब एका ओळीपाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, "ही कधी?" गोपिकानं एका झाडाचा धांडा वरच्या पानांच्या खाली अंगठा आणि दोन बोटांत धरला. डोळे मिटले नाहीत, काही नाटक नाही. दुसरं झाड धरलं, तिसरं धरलं. मग म्हणाली, "हे बारा दिवसांनी निसवते. त्याच्या बाजूची वीस दिवस घेईन." साहेबांनी ते जसंच्या तसं फील्डबुकात लिहिलं.

निसवणं म्हणजे कणीस पोटरीतून, वरच्या पानांच्या गुंडाळीतून, बाहेर पडणं. ते कधी होईल यावर त्या काळी आमच्या विभागाचा सगळा जीव टांगलेला होता. संकरित ज्वारीचे ते दिवस होते. संकरित बियाणं करायचं तर नर आणि मादी अशा दोन जाती शेजारी पेरायच्या, आणि दोघी एकाच वेळी फुलल्या पाहिजेत. एक आठ दिवस आधी फुलली की तिचे पराग वाऱ्यावर जातात आणि दुसरीची कणसं पोकळ राहतात. म्हणून कोणती जात केव्हा फुलते, आणि हा गुण आईबापांकडून पोरांकडे कसा उतरतो, हे शोधून काढायला माझ्यासारख्यांची नेमणूक झाली होती.

त्या दिवशी मी गुपचूप माझ्या वहीत तीस झाडांपुढे गोपिकानं सांगितलेले दिवस लिहिले. तीसपैकी सव्वीस झाडं तिनं सांगितल्याच्या एक दिवस मागेपुढे निसवली. दोन झाडं दोन दिवसांनी चुकली. उरलेली दोन खोडकिडीनं मेली, त्यांचा दोष तिला देता येत नव्हता. मी तो हिशोब तीनदा तपासला. कुठेतरी चूक सापडावी असं मला वाटत होतं.

मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, एखादा दिवस. पण पाहुणे आले की साहेब आधी म्हणायचे, "ह्या आमच्या गोपिकाबाई," आणि मग मान वळवून, "आणि ह्या मिस सबनीस, नवीन आल्यात." हैदराबादहून आलेल्या एका तज्ज्ञांनी तर माझ्याशी दोन वाक्यंही न बोलता अर्धा तास तिच्याकडून धांडे धरून घेतले. साहेबांनी आपलं जुनं भिंग तिला देऊन टाकलं होतं. ती ते कमरेच्या पिशवीत, चुन्याच्या डबीशेजारी ठेवायची. मी माझं भिंग स्वतः विकत आणलं होतं आणि ते तिच्या भिंगापेक्षा चांगलं होतं, तरी तिनं पिशवीत हात घातला की माझं लक्ष तिकडेच जायचं.

घरी मागच्या अंगणात मी तेलाच्या चार रिकाम्या डब्यांत ज्वारी पेरली आणि रोज संध्याकाळी धांडे धरायला लागले. वडील कचेरीतून आले की पायरीवर बसून पाहत.

"अरुंधती, हे काय चाललंय?"

"प्रयोग."

पंधरा दिवसांत दोन झाडं माझ्या बोटांनी मोडली. तिसऱ्याचा मी बांधलेला अंदाज नऊ दिवसांनी चुकला.

फार्मवर एकदा तिनं मला तसं करताना पाहिलं. माझ्या जवळ आली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "बाई, तुम्ही दाबून राहिल्या. दाबाचं नाही. नुसतं पकडाचं. आत भरलं असंन तर ते सांगते तुमाले." तिनं माझं बोट धरून धांड्यावर ठेवलं. शेजारी प्रयागबाई निंदत होती, ती हसली. माझ्यावर हसली की आणखी कशावर, मला माहीत नाही. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "मला याची गरज नाही, गोपिकाबाई. मायक्रोस्कोपखाली सगळं दिसतं." तिनं मान हलवली आणि कामाला लागली. त्यानंतर तिनं मला पुन्हा कधी शिकवायचा प्रयत्न केला नाही. याचाही मला राग आला.

पुढे माझं पीएच.डी.चं काम सुरू झालं. उशिरा फुलणारी एक गावठी ज्वारी आणि लवकर फुलणारी एक जात यांचा मी संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी झाडं उशिरा फुलली, म्हणजे उशीरपणा वरचढ. दुसऱ्या पिढीत मात्र दोन्ही प्रकार निघणार होते, आणि त्यांच्या प्रमाणावर सगळं ठरणार होतं. चार झाडांत तीन उशिरा आणि एक लवकर असं निघालं, तर फुलण्याची वेळ एकाच जीनच्या हातात आहे. सोळांत नऊ उशिरा आणि सात लवकर निघाली, तर दोन जीन आहेत, आणि दोन्ही हजर असतील तरच झाडाला उशीर होतो. माझा अंदाज एका जीनचा होता. मी तो एका परिषदेत बोलूनही बसले होते. साहेब म्हणाले होते, "पाहू या. झाडं सांगतील."

१९७३ च्या जुलैत दुसरी पिढी पेरली. वीस ओळी, प्रत्येक ओळीत बत्तीस झाडं, मिळून सहाशे चाळीस. तुलनेसाठी लवकर फुलणाऱ्या मूळ जातीची एक ओळ या कडेला कुंपणापाशी आणि एक त्या कडेला विहिरीपाशी. ऑगस्टच्या सुरुवातीला साहेब तीन महिन्यांसाठी परदेशी गेले आणि विभाग माझ्याकडे आला. मोजणीला गोपिका होतीच. झाड निसवलं की तारखेचं लेबल बांधायचं आणि कणसावर कागदी पिशवी चढवायची.

पोळ्याच्या सुमारास विहिरीकडची झाडं फुलू लागली. मूळ जातीची तिकडची ओळही त्याच आठवड्यात फुलली. कुंपणाकडे मात्र काहीच हालचाल नव्हती. आठ ओळी नुसत्या वाढत होत्या, हिरव्यागार, आणि कुंपणापाशी पेरलेली मूळ जातीची ओळसुद्धा तशीच. त्या ओळीला पोळ्याला फुलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तीच ती जात, तेच बी, आणि विहिरीकडे तिनं कणसं टाकली होती.

मी बांधावर उभी होते. गोपिका लेबलांचा गठ्ठा घेऊन आली.

"बाई, ह्या आठ ओळी धरू नका."

"का?"

"त्याईले रात्रच नाही भेटून राहिली." तिनं कुंपणापलीकडे हात केला. "गोदामात मागच्या महिन्यात चोरी झाली ना. तवापासून शेठनं तो दिवा लावला. आमचे हे रोज संध्याकाळी पेटवते, सकाळी इजवते. उजेड बरोबर आठ ओळींवर पडते. पुढं पत्र्याची सावली हाये."

कुंपणापलीकडे खांबावर पत्र्याची टोपी घातलेला मोठा दिवा होता. मी तो रोज पाहत होते.

"जवारी रात्र मोजते, बाई," ती म्हणाली. "रात्र मोठी झाली की तिले समजते आता निसवाचं. खाप्याले आमच्या शेताजवळ कापसाच्या जिनिंगचा दिवा होता, तिथंही असंच होये."

ती बोलत होती तेव्हाच मला कळलं की तिचं बरोबर आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते. ज्वारी रात्रीच्या लांबीवर फुलते, आणि मध्येच उजेड पडला तर तिला रात्र लहान वाटते. दीड महिना मी त्या दिव्याखालून बससाठी चालत गेले आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही. आलं ते तिच्या. तिनं ते मला सांगितलं, आणि तेही अशा आवाजात, की जणू मला ते माहीत असणारच आणि ती फक्त आठवण करून देतेय.

मी म्हटलं, "गोपिकाबाई, मोजायचं काम तुमचं. अर्थ मी लावीन."

"जी," ती म्हणाली.

दसऱ्यापर्यंत मोजणी संपली. कुंपणाकडच्या आठ ओळींत लवकर फुललेली झाडं होती तीन, बाकी दोनशे त्रेपन्न उशिरा. विहिरीकडच्या बारा ओळींत दोनशे अठरा उशिरा आणि एकशे सहासष्ट लवकर. फक्त विहिरीकडच्या धरल्या तर नऊला सात. इतकं चोख की हिशोब करायचीही गरज नव्हती. पण सगळ्या वीस ओळी एकत्र धरल्या तर चारशे एकाहत्तर आणि एकशे एकोणसत्तर, म्हणजे जवळजवळ तीनास एक. माझा एक जीन.

मी सगळ्या वीस ओळी धरल्या. कुंपणाकडची मूळ जातीची ओळ मात्र खोटं बोलू देणारी नव्हती, म्हणून तिच्यापुढे मी लिहिलं, 'रोगामुळे वगळली.' तिच्यावर कसलाही रोग नव्हता.

आता राहिली गोपिका. साहेब परत आले की पहिल्या दिवशी तिला घेऊन प्लॉटवर जाणार आणि ती त्यांना दिव्याचं सांगणार. त्याच आठवड्यात फार्म मॅनेजर महादेवराव माझ्याकडे एक कागद घेऊन आले. रोजंदारीवरच्या अकरा जणांना कायम करायचं होतं आणि प्रत्येकाबद्दल विभागाचा शेरा हवा होता. यादीत तिसरं नाव गोपिकाचं.

मी लिहिलं: 'लेबलांची मिसळ करते. मोजणीच्या कामात भरवशाची नाही. खळ्यावर बदली करावी.'

महादेवरावांनी वाचून माझ्याकडे पाहिलं. "काहून बाई? गोपिका?"

"मी प्लॉटवर असते, महादेवराव. मला दिसतं."

"साहेब येऊ द्या म्हणतो मी."

"विभाग सध्या माझ्याकडे आहे."

ते कागद घेऊन गेले. मला अपराधी वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेले तर तिथे मला विचारल्याशिवाय कुणी कोणत्याही झाडाबद्दल काही बोलत नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

गोपिकानं खळ्यावर आठच दिवस काम केलं. नवव्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही.

"बाई, मी लेबलं मिसळली नाही."

मी फील्डबुकावर मान खाली घालून बसले.

"एवढंच सांगाले आली होती," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती फार्मवर आली नाही. रुपराव गोदामावरच राहिला, ती खाप्याला भावाच्या शेतावर निघून गेली.

नोव्हेंबरात साहेब परतले. मी त्यांना माझी आकडेमोड दाखवली आणि गोपिकाचं सांगितलं. "गोपिकाबाईंनी? लेबलं?" एवढंच ते म्हणाले. माझे तीनास एक इतके सुंदर जुळले होते, त्यावर एक शब्द नाही. तेव्हाही मी तिच्यावरच चिडले. आणि साहेबांवरही. इतकं तिचं मोल होतं, तर चौदा वर्षं तिला रोजंदारीवर का ठेवलं, हे मला त्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी तिसरी पिढी पेरली, कॉलेजकडच्या दुसऱ्या तुकड्यात. तिथे आसपास दिवा नव्हता. उशिरा फुललेल्या साठ झाडांचं बी घेतलं आणि प्रत्येकाची एक ओळ केली. सप्टेंबर उजाडला तशा काही ओळी फुलू लागल्या. काही झाडं लवकर येणारच होती, पण चौदा ओळी अशा निघाल्या की त्यांतलं झाडन् झाड लवकर फुललं. उशीरपणा वरचढ असेल तर उशिरा फुललेल्या झाडाची सगळीच्या सगळी पोरं लवकर फुलणं शक्यच नाही. मी मूळ लेबलं काढून पाहिली. चौदाच्या चौदा झाडं कुंपणाकडच्या आठ ओळींतली होती. ती उशिरा फुलणारी नव्हतीच. दिव्यानं त्यांना थोपवून धरलं होतं.

साहेब दौऱ्यावर होते, सोमवारी येणार होते. आल्याबरोबर ते ओळी पाहणार होते. शुक्रवारी मी त्या चौदा ओळींपुढे पेन्सिल घेऊन उभी राहिले. आणि तिथे मला सुटका दिसली. लेबलांची मिसळ झाली होती असं मी लिहूनच दिलं होतं. गोपिकानं ते कबूल केलं, तर चौदा ओळींचाही उलगडा होत होता. चूक तिची ठरत होती. माझा एक जीन वाचत होता.

शनिवारी सकाळी मी सावनेरवरून खाप्याची बस घेतली. पर्समध्ये मी स्वतःच्या हातानं लिहिलेला जबाब होता आणि स्टॅम्प पॅड.

तिच्या भावाचं शेत नदीपासून जवळच होतं. ती बांधावर बसून भाकर खात होती. मला पाहून उठली, लोटा धुऊन पाणी दिलं आणि म्हणाली, "एवढ्या उन्हात काहून आल्या बाई?"

मी तिला चौदा ओळींचं सांगितलं. मग कागद काढला. "हे तुम्हाला त्रास द्यायला नाही. तुम्ही आता तिकडे नाहीच आहात, तुमचं काही जाणार नाही. माझं मात्र सगळं काम अडलंय."

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचलं. 'मी, गोपिका रुपराव लांजेवार, लिहून देते की १९७३ च्या खरिपात माझ्या हातून लेबलांची अदलाबदल झाली...' वाचून झालं आणि मी स्टॅम्प पॅड उघडलं.

तिनं पॅडकडे पाहिलं. "मले सही येते, बाई."

चौदा वर्षं ती मस्टरवर सही करत होती, आणि तीन वर्षं ते मस्टर माझ्या टेबलावरून जात होतं. मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पेन पुढे केलं.

तिनं ते घेतलं नाही. "चौदा म्हणता?" तिनं विचारलं. "साठातल्या कुंपणाकडच्या किती होत्या?"

"बत्तीस."

"विहिरीकडं सोळात सात लवकर होत्या. बत्तीसात चौदा. बरोबरच हाये ना मंग. मिसळ कुठं झाली?"

तो हिशोब मी केलेला नव्हता. मी पीएच.डी.ला बसलेली, आणि तो हिशोब मी केलेला नव्हता.

"मी सही करत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी खळ्यावरून आली तवा वाटलं होतं, तुमाले दिसलं नसंन. कामाच्या घाईत होत्या, असं. पण तुमाले दिसलं होतं. तुम्ही ते रोगाचं लिहिलं, ते प्रयागनं सांगतलं मले. त्या ओळीले रोग नव्हता." ती थांबली. "मी तुमचं काय बिघडवलं होतं, बाई?"

तिचा भाऊ लांबून पाहत होता. मी कागद पर्समध्ये टाकला आणि बस यायला दोन तास होते तरी स्टँडवर जाऊन उभी राहिले. बसमध्ये मला रडू आलं. पण ते तिच्यासाठी नव्हतं. बत्तीसात चौदा हे तिनं बांधावर उभ्याउभ्या काढलं, म्हणून होतं.

सोमवारी साहेबांसमोर मी सगळं ठेवलं. फील्डबुक, जबाबाचा कागद, महादेवरावांकडचा शेरा. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तिनं दिव्याचं सांगितलं, तेव्हाच का नाही ऐकलंत?"

"तिनं सांगितलं म्हणून," मी म्हटलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. त्यांनी टाक काढून शेरा माझ्यापुढे सरकवला. "हे तुमच्या हातानं खोडा. खाली लिहा का खोडलं ते. मग महादेवरावांशी मी बोलतो." मी लिहिलं. 'वरील शेरा खोटा होता. गोपिका लांजेवार यांनी लेबलांची मिसळ केली नव्हती.' खाली माझं पूर्ण नाव, तारीख. तो कागद ऑफिसातल्या प्रत्येकानं वाचला, आणि महिनाभर मी खोलीत गेले की बोलणं थांबायचं. माझं काम एक वर्ष मागे गेलं. दुसरी पिढी पुन्हा पेरावी लागली, निम्मी दिव्याखाली, निम्मी अंधारात. अंधारात नऊला सात निघाले. दिव्याखाली सगळं उशिरा.

गोपिका १९७५ च्या जूनमध्ये परत आली, साहेब स्वतः खाप्याला जाऊन आले तेव्हा. तिनं एकच अट घातली होती: माझ्या प्लॉटवर काम करणार नाही. कायम व्हायला तिला आणखी दोन वर्षं लागली, कारण पुढची यादी तेव्हाच निघाली. ती दोन वर्षं माझ्यामुळे गेली.

मला पीएच.डी. मिळाली. प्रबंधात मी तिचं नाव लिहिलं, दिव्याची गोष्टही लिहिली. परीक्षकांनी त्या पानाचं खास कौतुक केलं आणि तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच आले. मी उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, हे पानही तिचंच.

समोरच्या तुकड्यात ती नवीन आलेल्या मधुकर नावाच्या असिस्टंटला धांडे धरायला शिकवायची. मी खिडकीतून पाहत असे. त्याला तिसऱ्या हंगामात जमायला लागलं. तो मोठ्यानं हसायचा, ती त्याच्या हातावर चापट मारायची. भेटली की ती मला "नमस्कार बाई" म्हणे, तब्येत विचारी. मी माफी मागितली होती, ऑफिसच्या व्हरांड्यात, दोनदा. दोन्ही वेळा ती म्हणाली, "झालं ते झालं." त्यापुढे ती एक पाऊल आली नाही, आणि मला ते पाऊल हवं होतं. ते मधुकरला न मागता मिळत होतं.

१९८४ साली तिनं काम सोडलं. रुपरावच्या छातीचं दुखणं वाढलं होतं, दोघं खाप्याला गेले. निरोपाला मी गेले होते, मागे उभी होते.

दोन वर्षांनी ती मला गांधीबागेच्या बाजारात दिसली. लग्नसराईची गर्दी होती. ती एका कापडाच्या दुकानात गादीवर बसली होती आणि समोर साड्यांचा ढीग पडला होता. शेजारी भावाची मुलगी. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. मी पायरीशी थांबले. तिनं पाहिलं आणि ओळखलं.

"बसा बाई," ती सरकून म्हणाली. मग भाचीला सांगितलं, "ह्या अरुंधतीबाई वं. फार शिकलेल्या हायेत."

बस्स, एवढंच. आम्ही एकत्र काम केलं हे नाही, मी काय केलं तेही नाही. मुलीनं मला वाकून नमस्कार केला. गोपिकानं एक निळी साडी उचलली, काठ अंगठा आणि दोन बोटांत धरून पाहिला, आणि मुलीचा हात धरून तिच्या बोटांखाली तो काठ दिला. "हात लावून पाय. हे टिकते. ते दुसरं नाही टिकत."

मुलगी हात काढून घेत नव्हती. मी थोडा वेळ तिथे बसले आणि त्या मुलीकडे पाहत राहिले.